गुरुजींचा कोपर

मुलांनो, ही गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सगळे सुखी झाले का, असे मला विचारू नका.

एका उंच कड्याच्या पायथ्याशी उंबरांचे दाट रान होते आणि त्यात वानरांच्या एका कळपाचा मुक्काम होता. रानात खायला भरपूर, पण पाणी मात्र पलीकडे. कुंडापर्यंत जायचे तर उघडा कातळ ओलांडावा लागे. त्यावर झाड नाही, झुडूप नाही, लपायला बोटभर सावली नाही. आणि वर कड्यात गरुडाचे घरटे. दर उन्हाळ्यात दोन-तीन पिल्ले आईच्या पोटाला बिलगलेली असतानाच तो उचलून नेई.

मग एका वानराने खैराचा सोटा हाती घेतला. कातळाच्या मधोमध उभे राहून त्याने झेप घेणाऱ्या गरुडाला असा फटका हाणला की दोन पिसे खाली पडली. तेव्हापासून रीतच पडली. कळप पाण्याला निघाला की तो मध्ये उभा राही आणि आया त्याच्या पाठीमागून पलीकडे जात. बारा उन्हाळ्यांत एकही पिल्लू गेले नाही. सगळे त्याला गुरुजी म्हणू लागले.

गुरुजींची फटका मारण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. त्यांचा उजवा कोपर अंगापासून लांब, पंखासारखा उचललेला असे. यामागे विद्या वगैरे काही नव्हती. तरुणपणी कड्यावरून पडून तो कोपर मोडला होता आणि वाकडाच सांधला होता. बरगडीजवळ तो येतच नसे. ते पडणे पाहिलेले सगळे केव्हाच मरून गेले होते. नव्या वानरांना वाटे, हीच ती खुबी! आणि नक्कल करण्यात वानरांचा हात कोण धरणार? कळपात ‘गुरुजींचा हात’ असा शब्दच रूढ झाला. गुरुजींनी कधी खुलासा केला नाही. आधी संकोच वाटला म्हणून, आणि पुढे तो शब्द गोड लागू लागला म्हणून.

गुरुजी थकले, डोळे अधू झाले. आपल्या जागी उभे राहणारे कोणीतरी तयार करायला हवे होते. शिकायला आलेल्यांत एक वानरीण होती. तिला तान्हे पिल्लू होते, त्यामुळे ती जीव तोडून शिके. समोरून कोणीतरी कवठ फेकी आणि तिने ते सोट्याने टोलवायचे.

गुरुजी शिकवत ते पुष्कळसे खरेच होते. ते म्हणत, “सोटा बोटांत धर गं, तळव्यात आवळू नकोस. उजवा हात वर, डावा खाली. आधी कंबर वळू दे, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी.”

पहिल्याच दिवशी तिने फटका मारला तेव्हा तिचा उजवा कोपर आपसूक बरगडीला चिकटून आला. सोटा छातीजवळून सपकन फिरला आणि कवठ उंबराच्या शेंड्यावरून पार गेले. पण कळपात कुजबुज झाली, “लांब गेलं खरं, पण गुरुजींसारखं दिसत नाही.”

तिने विचारले, “गुरुजी, कोपर अंगाशी ठेवला की सोटा हलका लागतो. तसं चालेल का?”

‘चालेल’ म्हणायचे तर गुरुजींना मोडक्या कोपराचेही सांगावे लागले असते. भोवती सगळा कळप बसला होता.

“कोपर बाहेर,” ते म्हणाले.

तिने मान डोलावली. महिनाभर, दोन महिने ती कोपर बाहेर ठेवून सोटा फिरवत राहिली. खांदा सुजला, तरी थांबली नाही. हळूहळू तिच्या अंगाला तेच वळण लागले. आता फटका अगदी गुरुजींसारखा दिसे. कवठ पूर्वीइतके लांब जात नसे, पण त्याकडे लक्ष कोणाचे होते?

लक्ष होते एका टिटवीचे. ती कातळावरच घर करून राहत होती. ती एकदा म्हणाली, “अगं, मी जमिनीवरची. मला सगळ्यांचे पाय दिसतात. गुरुजी फटक्याआधी डावा पाय अर्धं पाऊल मागे घेतात. गरुड अगदी अंगाशी आला तर त्या कोपराला जागा लागते ना, म्हणून. तू कोपर उचललास, पण पाय जागचा हलवत नाहीस.”

वानरीण गुरुजींकडे पाहू लागली. आपला पाय मागे जातो, हे गुरुजींनाही त्या दिवशीच कळले. तो मोडक्या हाताने आपोआप काढलेला मार्ग होता. पण त्यावर बोलायचे म्हणजे हातावर बोलणे आले.

“टिटवीबाई, मी सोटा शिकवतो, नाच शिकवत नाही,” ते तोडून म्हणाले. सगळे खो खो हसले. वानरीणही हसली.

उन्हाळा आला. वानरीण सोटा घेऊन कातळावर उभी राहिली. तिचे पिल्लू तिच्या बहिणीच्या पोटाला बिलगून पलीकडे निघाले होते. गरुड कवठासारखा समोरून आला नाही. तो उन्हाच्या बाजूने, जमिनीला लागून आला आणि वानरिणीच्या छातीला जवळजवळ घासूनच तिच्या बहिणीवर वळला. वानरिणीने बरोबर वेळ साधली. कंबर वळली, खांदा वळला. पण कोपर बाहेर होता आणि छातीजवळ सोटा फिरायला जागाच नव्हती. सोट्याचे टोक मागेच अडकले. गरुडाला नुसता मुठीजवळचा धक्का बसला. पिल्लाची किंकाळी कड्याच्या दिशेने वर वर गेली आणि थांबली.

त्या दिवशी कोणी पाणी प्यायले नाही.

वानरीण सोटा मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजी जवळ आले तशी तिने वर पाहिले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होते. ती म्हणाली, “गुरुजी, माझं काय चुकलं? कोपर तर बाहेरच होता.”

गुरुजींनी सगळ्यांदेखत आपला उजवा हात बरगडीकडे आणायचा प्रयत्न केला. हात मध्येच थांबला. ते म्हणाले, “पोरी, हा मोडका आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून. तुझा धड होता.”

तिने सोटा खाली ठेवला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी रानात आले तेव्हा उंबराखाली लहान पिल्ले काटक्या घेऊन खेळत होती. वाळकी उंबरे फेकायची आणि टोलवायची. प्रत्येकाचा उजवा कोपर पंखासारखा बाहेर. गुरुजी खाली बसले. एकेकाचा कोपर धरून बरगडीशी टेकवू लागले. “असा, बाळा. असा ठेव.” पिल्ले ऐकत, हो म्हणत. गुरुजींनी हात सोडला की कोपर पुन्हा बाहेर येई.

तात्पर्य : जो गुरू आपली उणीव लपवतो, त्याचे शिष्य तिलाच विद्या समजून जपतात. पुढे तो ती कबूल करतोही, पण तोवर ती त्यांच्या अंगी मुरलेली असते आणि तिचे फळ भलत्यालाच भोगावे लागते.