चिमटीत धरलेले ओठ

“एक थेंबही मागे येऊ देणार नाहीस?”

“नाही, बाई. एक थेंबही नाही.”

उत्तर डॉ. उदयन खोत यांचं. विचारणाऱ्या डॉ. कमलिनी हर्डीकर. जन्मभर त्यांनी लोकांच्या छात्या उघडून हृदयं शिवली, आणि उदयनच्या हातात पहिली सुईही त्यांनीच दिली. आता त्यांच्याच हृदयाची झडप गळत होती. पुढे जायचं रक्त उलटं फिरे. आडवं पडलं की जीव घुसमटे. कित्येक महिने त्या उशांना टेकून बसूनच झोपत होत्या.

या वयात छाती उघडणं त्यांना झेपलं नसतं.

“कसं करतोस, सांग तरी.”

“जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतो. झडपेच्या दोन पाकळ्या नीट मिटत नाहीत ना, त्या मधोमध क्लिपनं जोडतो. हृदय चालूच असतं.”

“चालूच...” बाई हरखल्या. “मी ते थांबवून शिवायचे रे. कमाल आहे तुम्हा पोरांची.”

उदयन खुलला. खुलणारच. बाईंच्या तोंडून कौतुक ऐकायची वाट पाहता पाहता त्यांचे काही विद्यार्थी निवृत्तही झाले होते.

“एकीनं नाही भागलं तर दुसरी क्लिप लावतो, बाई. मग तिसरी. माझ्या पेशंटला गळती म्हणून उरत नाही.”

बाईंनी त्याला जवळ बोलावलं. हातात पाण्याचा पेला दिला आणि दोन बोटांच्या चिमटीत त्याचे ओठ मधोमध धरले.

“पी.”

ओठांच्या कडांनी तो प्यायला. थोडं पाणी हनुवटीवर ओघळलं.

मग बाईंनी दोन्ही हातांनी त्याचे ओठ या टोकापासून त्या टोकापर्यंत आवळले.

“आता पी.”

पेला तसाच ओठांशी राहिला. पाणी आत जायला वाटच नव्हती.

बाईंनी हात सोडले आणि पेला परत घेतला.

ठरल्या दिवशी क्लिप बसली. पडद्यावर उलट येणारा रक्ताचा लोट दिसेनासा झाला. उरली एक बारीक धार. मदतनीस डॉक्टरनं न सांगता दुसरी क्लिप तयार केली.

उदयनचा हात पुढे गेला... आणि थांबला. मास्कच्या आत त्यानं ओठ मिटून पाहिले. रक्त पुढे मोकळं जात होतं.

“नको,” तो म्हणाला. “एवढंच.”

संध्याकाळी बाई जाग्या झाल्या. पाठीशी नेहमीसारखी उशी होती. उदयन पायथ्याशी उभा होता. आजवर कुणाच्या हृदयात गळती सोडून तो बाहेर आला नव्हता, आणि आज आला तो बाईंच्या. त्याला मनापासून लाज वाटत होती.

“बाई... थोडी राहिली.”

“राहिली, की ठेवलीस?”

“...ठेवली.”

बाईंनी एक लांब श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

“मग ही उशी काढ.”