दस्तगीरमामूंची गिटार

पाहुणे, घाबरू नका, हे लोडशेडिंग नाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं की आमच्या शिरगुप्पेवाडीत पिठाची गिरणी थांबते, विहिरींवरच्या मोटारी थांबतात, घराघरांतले पंखे आणि फ्रीजही बंद होतात. चालू राहते ती मंडपाकडे जाणारी एक लाइन. मी इथे एकतीस वर्षं वायरमन होतो. एरवी लाइट गेली की लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे, या एका दिवशी मात्र लाइट घालवल्याबद्दल मला फेटा बांधतात. निवृत्त झालो तरी हे काम गावाने माझ्याकडेच ठेवलंय. मंडपात ती फणसाच्या लाकडाची गिटार दिसते ना, तिच्यासाठी हे सगळं.

गोष्ट मी गावात येण्याआधीची. दस्तगीर शिकलगार म्हणजे जळालेल्या मोटारी भरून देणारे कारागीर. पंचक्रोशीत अशी एक मोटार नव्हती म्हणे, जिच्या पोटात त्यांच्या हातची तार नाही. त्यांच्या पत्नी जैतुनबी शिवणकाम करायच्या. एकदा दोघांनी तालुक्याला ऑर्केस्ट्रा ऐकला. जैतुनबींना गाण्यांपेक्षा तिथली विजेवर वाजणारी गिटारच आवडली. मामू ती जवळून बघायला स्टेजमागे गेले, तर वाजवणाऱ्याने त्यांचे ग्रीसचे हात बघून लांबूनच हाकललं. परतीच्या वाटेवर मामू बोलून गेले, की अशीच गिटार तुला घरात करून ऐकवीन, तोवर चहा पिणार नाही. हे साधं समजू नका. दिवसाला बारा कप चहा घेणारा माणूस होता तो.

सव्वा वर्ष लागलं असं सांगतात. अंगाला फणसाची जुनी फळी, पडद्यांना सायकलचे स्पोक, खुंट्या मोडक्या बुलबुलतरंगाच्या. पोटात जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक बसवलं. त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची होती, आणि या वाद्याचा जीव तिथेच असतो. ते काम जैतुनबींच्या शिवणयंत्रावर झालं. त्या चाक फिरवायच्या, मामू तार सोडत सोडत वेढे मोजायचे. एकूण किती झाले, कुणी सहा हजार म्हणतं, कुणी नऊ. मामूंनी कुठे लिहून ठेवलं नाही. लिहून ठेवतील तर ते मामू कसले.

यात्रेत पहिल्यांदा वाजवायला घेतली, तर सुराआधी भुणभुणच ऐकू आली. गिरणीची मोटार, विहिरींच्या मोटारी, सगळ्यांची गुरगुर ती गिटार ओढून घ्यायची. लोक हसले. दस्तगीरनं भुंगा पाळलाय म्हणाले. मामू मोठे मानी. गिटार खुंटीला टांगली ती टांगलीच, आणि चहाही सुरू केला नाही. पुढची यात्रा आली तेव्हा जैतुनबी म्हणे बांधाबांधाने फिरल्या आणि एकेका मोटारवाल्याला गाठून एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी तुमची मोटार कितीदा जिती केली. आज धा मिनटं तिला झोपू द्या."

चैत्राचं ऊन, वीज मोजकी, उसाची पानं वळायला लागलेली. दहा मिनिटांचं पाणीसुद्धा जिवावर यायचे दिवस. तरी एकाने बटण दाबलं, त्याचं बघून दुसऱ्याने, शेवटी गिरणीवालाही विरघळला. सगळं गप्प झालं आणि गिटारीचा आवाज नदीपलीकडे गेला. पलीकडच्या गावचे लोक काठावर येऊन उभे राहिले, असं सांगतात. मामूंनी मंडपातच चहा मागवला. प्रथा पडली ती तेव्हापासून.

इथवरचं ऐकीव. पुढचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मामू गेले, आणि चार वर्षांनी महापुरात गिटार ग्रामपंचायतीच्या कपाटात तीन दिवस पाण्याखाली राहिली. फळी फुगली, खुंट्या गंजल्या, आतली तार तुटली. डाबरे नावाचे वाद्य दुरुस्त करणारे कारागीर शहरातून आले. माणूस जिव्हाळ्याचा. एकही जुना तुकडा त्यांनी फेकू दिला नाही, गंजलेली खुंटीसुद्धा घासून परत लावली. फक्त मेलेल्या तारेच्या जागी तयार नवी गुंडाळी बसवली. वाजवली तर भुणभुण औषधालाही नाही. आता गाव बंद करायची गरज उरली नाही, म्हणाले. आम्ही खूश. खोटं कशाला बोलू, मीही खूश, वर्षाची एक कटकट मिटली.

जैतुनबी तेव्हा ऐंशीच्या पुढे. भिंतीला टेकून ऐकत होत्या. "चांगली वाजती," त्या म्हणाल्या. "पर ही त्येंची न्हाई."

डाबरेंनी नवी गुंडाळी काढली आणि विचारलं, जुन्या तारेचे वेढे किती होते?

"मोजायचं काम त्येंचं हुतं. मी निस्तं चाक फिरवायची. त्येनी बास म्हटलं की थांबायची."

शिवणयंत्र अंगणात आणलं. डाबरे तार सोडायला बसले, जैतुनबींनी चाक धरलं. चाक थांबेना. तास झाला, दीड तास झाला. त्या कान देऊन बसल्या होत्या, आणि कशासाठी ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. डाबरेंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द त्यांनी उच्चारायचा नव्हता. शेवटी जैतुनबींनीच, अगदी हळू, म्हटलं, "बास." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

गिटार जोडली. भुणभुण सुरू झाली, तशी माणसं न सांगता आपापल्या मोटारींकडे पळाली.

आता जैतुनबीही नाहीत. आजही वाजवणारा आपणहून थांबत नाही. बायकांच्या बाजूने कुणीतरी "बास" म्हणायचं, मग तो हात उचलतो आणि मी लाइट सोडतो. ठरलेली वेळ दहा मिनिटांची. गेल्या वर्षी पाऊण तास झाला, शेतात ऊस तहानलेला, तरी एकही बाई बोलली नाही. आणि मोटारवाल्यांपैकी एकजणही जागचा उठला नाही.