लोकरीच्या मोज्यातली हार्डडिस्क

जुईचे जन्मापासूनचे सगळे फोटो एकाच हार्डडिस्कमध्ये आहेत, ती बिघडली तर काय, या काळजीने काल मला झोप लागली नाही. मूल गाढ झोपलेलं आणि आई यंत्राच्या तब्येतीची चिंता करत जागी! सकाळी जुईची वेणी घालताना त्याचीच गोष्ट करून सांगितली.

खूप खूप वर्षांपूर्वी, म्हणजे तुझी वेणी घालता येत नव्हती तेव्हा, एका कपाटात लोकरीच्या मोज्यात एक हार्डडिस्क राहायची. एका मुलीचे सगळे फोटो तिच्या पोटात. शेजारचा पेन ड्राइव्ह म्हणायचा, "मावशी, थोडे फोटो मलाही द्या की."

"तुला? परवा खिशातून धुण्यात गेला होतास!"

"म्हणूनच म्हणतो. मी हरवलो तर तुम्ही आहात. तुम्ही बंद पडलात तर कोण?"

"मी नाही बंद पडत," असं म्हणून मावशी मोज्यात शिरली.

एक दिवस तिला कॉम्प्युटरला जोडलं, तर पोटात टकटक झालं आणि ती गप्पच झाली. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाली ती हाका मारतच. "अरे बाळा, आहेस ना? घे पटकन! आधी बारशाचे घे, मग पहिल्या पावलांचे, मग जावळाचे." पेन ड्राइव्हने एकेक करत सगळे घेतले. मावशीला हायसं वाटलं.

मलाही वाटलं. तेवढ्यात जुईने मान वळवून विचारलं, "आई, तो माझा टकलू फोटो घ्यायचा राहून गेला, असं नाही का करता येणार?"