धुतलेलं आवार

ऐका, फार फार जुन्या काळची गोष्ट आहे. उंच डोंगरांत एक राज्य होतं. हिवाळ्यात तिथलं तळं गोठून दगड होई. तरीही राजाच्या पागेतला घोडा कधी घसरून पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या पागेवर राजाने नवा सरदार नेमला. माणूस सपाट मुलखातला, कामाला चोख, घोड्यांवर जीव लावणारा. घोडे मोकळे सोडायचं आवार पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. सगळीकडे चुलीतली राख आणि लिदीने माखलेला जुना पेंढा पसरला होता.

"हा उकिरडा कुणी केला?"

"मी केला, सरकार," पागेची झाडलोट करणारी म्हातारी म्हणाली. "तीस हिवाळे करतेय. राखेवर खूर टिकतो."

"उद्या महाराज येणार आहेत. सगळं खरवडून काढा आणि पाण्याने धुऊन टाका."

"पाणी नका घालू, सरकार. सकाळपर्यंत त्याची काच होईल."

"आजी, तुम्ही झाडू सांभाळा. घोड्यांचं मला कळतं."

आवार धुतलं गेलं. सरदार समाधानाने झोपला.

सकाळी महाराज आले. सरदाराने स्वतः दार उघडलं. त्याची लाडकी पांढरी घोडी मान उंचावून धावत बाहेर आली, आणि तिचे चारही पाय चार दिशांना गेले. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

घोडी उठू बघत होती, पुन्हा कोसळत होती. सरदार तिच्याकडे धावला आणि तोही आपटला. हे आपण केलं, एवढं त्याला कळत होतं, पण खरं वाटत नव्हतं. त्याला उठायचंही सुचेना.

म्हातारी राखेची पाटी घेऊन आली. राख टाकत तिने घोडीपर्यंत वाट केली.

"हे कसं झालं?" राजाने विचारलं.

"या बाईंनी मला सांगितलं होतं, महाराज," सरदार कसाबसा म्हणाला. "मी ऐकलं नाही."

दुपारी घोडी गेली.

राजाने पागेचा कारभार म्हातारीच्या हाती दिला. सरदार तिच्या हाताखाली राहिला. कित्येक दिवस राख पसरता पसरता त्याचा हात मध्येच थांबे. मग म्हातारी हळूच म्हणे, "पसर, लेकरा. बाकीचे घोडे खोळंबलेत."

तात्पर्य: ज्याने त्या जागी हिवाळे काढले आहेत, त्याचं ऐकल्याशिवाय तिथली राखही हलवू नये.