सगळ्यांना सामावून घेणारं भिंग

रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळी एका फोटोग्राफरच्या पेटीत गोल फिशआय भिंग राहत असे. अख्खं आभाळ त्याच्यात मावे, पण माणूस जवळ आला की त्याचं नाक फुगे नि लोक हसत. शेजारचं लांब भिंग मात्र चेहरे हुबेहूब टिपी. "एकदा तरी कुणाला जवळून नीट बघायचंय," म्हणत गोल भिंग झुरे.

एकदा दळव्यांचं सारं खटलं फोटोसाठी चिंचोळ्या अंगणात जमलं. लांब भिंग म्हणालं, "कडेच्या गोदाआत्या मावत नाहीत. राहू देत." मग फोटोग्राफरने गोल भिंग लावलं. भिंगाने सगळ्यांना सामावून घेतलं. फोटोत गोदाआत्या तेवढ्या धनुष्यासारख्या वाकल्या.

फोटोवरून बोट फिरवत आत्या म्हणाल्या, "वाकडी का होईना, माझ्या माणसांत आहे मी."

भिंगाचं झुरणं थांबलं नाही. पण तेव्हापासून ते कडेला उभ्या राहणाऱ्यांची वाट पाहू लागलं.