दाभाडेसाहेबांचा पास

काय गंमत झाली सांगू! येवल्याच्या पैठणी कारखान्यात मी फाटकावर असतो. नक्षीकारांना घरूनच कारखान्याच्या कॉम्प्युटरात शिरता यावं म्हणून कुमुदताई, आमच्या मालकीणबाई, व्हीपीएन घेणार होत्या. नव्या नक्ष्या त्या कॉम्प्युटरातच. त्या बाहेर फुटल्या तर लग्नसराई हातची जाणार.

ते विकायला आलेले दाभाडेसाहेब ऐटीत म्हणाले, "पासवर्ड बरोबर, की सगळी दारं उघडी! पुन्हा विचारणं नाही."

मी म्हणालो, "आणि तो दुसऱ्याच्या हाती लागला तर?"

"बाबा, तुम्ही फाटक सांभाळा!"

"बरं साहेब." टेबलावर पडलेला, त्यांना दिलेला पाहुण्यांचा पास उचलून मी बाहेर आलो. नक्ष्यांच्या खोलीतल्या बायांना सांगितलं, आज साहेबांचाच नियम, पास दिसला की विचारायचं नाही.

थोड्या वेळानं चहावाले रशीदभाई मी दिलेला तो पास गळ्यात घालून आले आणि त्यांनी त्या खोलीतून आणलेला नव्या मोराच्या नक्षीचा छापील कागद ताईंपुढे ठेवला.

ताई ताडकन उठल्या. "तुम्हाला आत कुणी सोडलं?"

"दाभाडेसाहेबांनी," मी म्हणालो. "पास बरोबर होता ना!"

ताईंनी दुसरीकडचं व्हीपीएन घेतलं. ते पासवर्डानंतर ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर विचारतं आणि ज्याला-त्याला त्याच्यापुरतीच खोली उघडतं.

जाताना साहेब फाटकाशी पाससाठी खिसे चाचपू लागले. मी म्हटलं, "राहू द्या साहेब. तुम्हाला मी चेहऱ्यानं ओळखतो."