ढिगातलं एक नाणं

पारख्यानंच नाणं गिळलं तर, या धास्तीनं रात्रभर मृण्मयीचा डोळा लागला नव्हता. खलाशी आजोबांनी आणलेलं ते जुनं आयरिश नाणं. एका बाजूला वीणेसारखं वाद्य, दुसरीकडे घोडा.

नाण्यांचे जाणकार टिळवे यांनी भिंग लावलं, क्षणभर श्वास रोखला आणि नाणं हळूच आपल्या खणाकडे सरकवलं. "असली ढिगानं येतात हो, ताई. पन्नास देतो."

मग श्वास का रोखला? की आपलाच स्वभाव संशयी? मृण्मयी गोड हसली.

"बरं झालं, काका! माझ्या दोन्ही मुली यावरून भांडतात. त्या ढिगातलं आणखी एक द्या, मी शंभर देते."

टिळव्यांनी खण उघडला, बंद केला. "तसं... सध्या एकही नाही. पाच हजार घ्या, वाटल्यास."

मृण्मयीनं नाणं उचलून मुठीत धरलं.

कडेवरची धाकटी ओवी म्हणाली, "आई, खोटं बोलल्यावर मला लावतेस तसं काकांनापण कान धरायला लाव ना!"